ग्लॅडिस वेस्ट आणि फोनमधली उणे उंची

मुंबईच्या चौपाटीवर अँड्रॉइड फोनमध्ये जीपीएसची कच्ची उंची दाखवणारं ॲप उघडलंत, तर आकडा उणे साठच्या आसपास दिसेल. (काही ॲप दुरुस्ती स्वतःच करून घेतात, ती सोडा.) फोन बिघडलेला नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या एका गुळगुळीत गणिती लंबगोलापासून, आणि आपल्याकडे समुद्राचं पाणीच त्या लंबगोलाच्या खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त खाली, कारण तिथे गुरुत्वाकर्षण थोडं कमी पडतं. इथे अमेरिकेत, वॉशिंग्टन-व्हर्जिनियाच्या पट्ट्यात हा फरक तीसेक मीटरच आहे.

समुद्राच्या पृष्ठभागाचे हे खळगे आणि उंचवटे मोजणाऱ्यांत डॉ. ग्लॅडिस वेस्ट यांचं नाव मोठं. १९३० साली ग्रामीण व्हर्जिनियात, कृष्णवर्णीय शेतकरी घरात जन्म. १९५६ मध्ये त्या पोटोमॅक नदीकाठच्या डालग्रेनच्या नौदल प्रयोगशाळेत लागल्या, तेव्हा व्हर्जिनियात शाळासुद्धा वर्णावरून वेगळ्या होत्या. इकडच्या बातम्यांत त्यांना सर्रास ‘जीपीएसची जननी’ म्हणतात. ते काही खरं नाही, जीपीएस अनेकांनी मिळून उभारलं. पण त्यांचं स्वतःचं काम इतकं चिवट आहे की उसन्या पदवीची गरजच नाही.

१९७८ च्या सीसॅट उपग्रहाच्या उंचीमापक रडारचा प्रकल्प त्यांनी सांभाळला. उपग्रह सुमारे ८०० किलोमीटरवरून पाण्यावर रडारचा स्पंद सोडतो. जाऊन परत यायला पाच मिलिसेकंदांहून जरा जास्त वेळ. त्यात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे उंचीत १५ सेंटिमीटरची चूक. हवेतली वाफ स्पंदाला उशीर करते, म्हणून दमट हवेत समुद्र आहे त्याहून खोल वाटतो. लाटांचे खळगे माथ्यांपेक्षा चांगला प्रतिध्वनी देतात, त्यामुळे खवळलेल्या समुद्राचं मापही खालीच घसरतं. भरती-ओहोटी वजा करायची ती वेगळीच.

खरी मेख पुढे आहे. रडार सांगतं फक्त उपग्रह ते पाणी एवढं अंतर. उपग्रह स्वतः नेमका कुठे होता, हे कळायला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण माहीत हवं, आणि शोधायचं तर तेच! म्हणून आधी गुरुत्वाकर्षणाचा अंदाजी नमुना धरायचा, कक्षा काढायची, मापं ताडायची, नमुना सुधारायचा, पुन्हा कक्षा. डालग्रेनमध्ये हे चक्र आयबीएमच्या महासंगणकांवर फिरायचं आणि आज्ञावलीतली एक चूक सगळा निकाल वाकडा करायची. पुढे १९८५ च्या जिओसॅटच्या मापांवरची प्रक्रियाही त्यांनी सविस्तर लिहून ठेवली. १९९८ मध्ये त्या निवृत्त झाल्या, आणि अमेरिकी हवाई दलाने त्यांचा जाहीर गौरव केला तो २०१८ मध्ये. वीस वर्षांनी!

गावाकडे ड्रोनने किंवा जीपीएसने मोजणी करणाऱ्यांनी एवढं पाहावं: सर्व्हे ऑफ इंडियाच्या खुणेवरची उंची समुद्रसपाटीपासूनची असते, यंत्राची कच्ची उंची लंबगोलापासूनची. दोन्ही मिसळल्या तर साठेक मीटरचा घोळ लगेच लक्षात येतो. लांब कालव्याचा उतार नुसत्या कच्च्या उंचीवर काढला, तर हा फरक जागेगणिक बदलत असल्याने चूक दर किलोमीटरला काही सेंटिमीटरची असू शकते आणि पाणी सोडेपर्यंत कळत नाही.