कोरड्या डोळ्याची रिकामी प्लेट

कोरड्या डोळ्याची तक्रार असलेल्या एका बाईंच्या डोळ्याचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, जंतू वाढवण्याच्या प्लेटवर लावला होता. ४८ तासांनी प्लेट बाहेर काढली, तर तिच्यावर एकही कॉलनी, म्हणजे जंतूंचा ठिपका, नव्हती.

डोळ्यावर जंतूंची वस्ती मुळातच विरळ असते. अश्रूंमधलं लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन त्यांना फोफावू देत नाही. पण या बाईंच्या पापण्यांच्या कडा सुजलेल्या होत्या, कोपऱ्यात फेस साचत होता. असा फेस दिसला की मी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्वचेवरचा नेहमीचा जंतू भरपूर येईल असं धरून चालते. त्याचं लायपेज हे विकर पापणीतल्या मायबोमियन ग्रंथींच्या तेलाचं विघटन करतं, त्यातून मेदाम्लं सुटतात आणि अश्रू फेसाळतात. इथे मात्र काहीच नाही.

फॉर्मवर औषधांपुढे 'नाही' लिहिलं होतं. फोन केला, तर बाई म्हणाल्या, "औषध नाही हो मॅडम, नुसते अश्रूंचे थेंब. तासा-दीड तासाने घालते. स्वॅबच्या आधीही घातले होते." थेंबांना औषध न मानणारे रुग्ण मला रोज भेटतात, आणि न विचारणारे डॉक्टरही.

बाटलीत बेंझाल्कोनियम क्लोराइड होतं. बाटली दूषित होऊ नये म्हणून घातलेलं हे रसायन, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, जंतूंचं आवरण फोडतं. डोळ्यावरच्या पेशींनाही ते सोडत नाही आणि अश्रूंवरचा तेलाचा थरही विस्कटतं. स्वॅबबरोबर तेच प्लेटवर आलं असेल, तर डोळा रिकामा होता की माझी प्लेट, हे कसं कळणार?

दुसरा स्वॅब मी स्वतः घेतला. आदल्या रात्रीपासून थेंब बंद. बधिर करणारे थेंबही नाहीत, कारण त्यांतही बहुधा प्रिझर्व्हेटिव्ह असतं. ते घालून स्वॅब घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना सांगून मी थकले आहे. निर्जंतुक सलाइनने ओलावलेला स्वॅब खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत, पापणीच्या केसांना न लावता फिरवला आणि तिथल्या तिथे प्लेटवर रेघा ओढल्या. स्निग्धतेवर वाढणाऱ्या कोरिनेबॅक्टेरियम या जंतूसाठी ट्वीन-८० हे स्निग्ध द्रव्य घातलेली प्लेट. क्यूटिबॅक्टेरियम या हळू वाढणाऱ्या जंतूसाठी ऑक्सिजनविरहित जार, तोही आठवड्याहून जास्त. दोन दिवसांत प्लेट फेकून 'वाढ नाही' असा रिपोर्ट देण्याची सवय मला मुळीच पटत नाही.

या वेळी मोजक्या कॉलनी आल्या. सगळ्या एपिडर्मिडिसच्या आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या. मग कळलं, डोळा लाल झाला की बाई जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक थेंब आणत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "मग दुसरं अँटिबायोटिक देऊ?" मी नको म्हटलं. तो तिथला रहिवासीच आहे. इतर जंतू मेले आणि हा टिकला, एवढंच प्लेट सांगत होती.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या एकवापर कुप्या, गरम शेक आणि पापण्यांची सफाई सुरू झाली. उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवायची नाही, हे मी बाईंना बजावून सांगितलं. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंशी जोडल्या गेलेल्या स्युडोमोनास या जंतूच्या साथीत ८१ रुग्ण सापडले, काहींची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. प्रिझर्व्हेटिव्ह काढलं की स्वच्छतेचा भार पूर्णपणे आपल्यावर येतो.

काही आठवड्यांनी जळजळ कमी झाली आणि प्लेटवर कोरिनेबॅक्टेरियमही दिसलं. डॉक्टर खुशीत म्हणाले, "जंतू परतले म्हणून डोळा सुधारला." उंदरांच्या डोळ्यावरचं कोरिनेबॅक्टेरियम मॅस्टिटिडिस प्रतिकारशक्ती जागी ठेवून स्युडोमोनासपासून संरक्षण करतं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं आहे. पण या बाईंच्या बाबतीत क्रम उलटाही असू शकतो: रसायन थांबलं, पेशी भरल्या, तेलाचा थर सावरला आणि मग जंतूंना जागा मिळाली. माझ्या प्लेटवर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

आता डॉक्टर डॉक्सिसायक्लिन सुरू करणार आहेत. कमी मात्रेत ते मुख्यतः दाह आणि लायपेज आवरतं, जंतू मारणं हा तिथे हेतू नसतो. तरी ते अँटिबायोटिकच आहे. पहिल्या गोळीआधीचा स्वॅब मला हवा, असं मी त्यांना सांगितलंय. अजून आलेला नाही. उद्या ओपीडी सुरू होण्याआधी मीच जाऊन घेणार आहे.