समुद्राकडे जाणारा बोळ, गंगेकडे जाणारा बोळ

पर्थला आमच्या भागात आतल्या गल्ल्यांतून समुद्राकडे जायला बोळ आहेत. दोन घरांच्या कुंपणांमधून जेमतेम दोन माणसं शेजारीशेजारी चालतील एवढीच वाट. ती ओलांडली की किनाऱ्याचा रस्ता, पलीकडे वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामधून लाकडी पायऱ्या, आणि खाली हिंदी महासागर. नाशिकच्या पंचवटीतून आई व्हिडिओ कॉलवर हे बघते तेव्हा तिला नवल वाटतं. "अगं, लोकांच्या खिडक्यांखालून जाता, कुणी हटकत नाही?" नाही हटकत. ती वाट सार्वजनिक आहे, आणि बंगला कितीही मोठा असला तरी मालकाला ती आपल्या अंगणात ओढून घेता येत नाही.

कुरकुर मात्र असते, आणि ती खोटीही नसते. रात्री बोळात पोरं बाटल्या फोडतात, कुंपणावरून कुणी आत उतरतं, कुत्र्यांची घाण पडते. मग बोळ बंद करा म्हणून अर्ज होतात. पण अर्ज आला आणि फाटक लागलं, असं होत नाही. या वाटेनं शाळेत, बसथांब्यावर, किनाऱ्यावर कोण जातं, ती बंद झाली तर त्यांना किती वळसा पडेल, हे आधी तपासतात आणि आजूबाजूच्यांचं म्हणणं मागवतात. मला हे फार मोलाचं वाटतं. तक्रार करणारी दोन घरं सगळ्यांना दिसतात. वाट वापरणारी म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं आपणहून कुठे निवेदन द्यायला जात नाहीत.

मग बोळ उघडा ठेवून सुरक्षित कसा ठेवायचा? इथला मुख्य विचार साधा आहे: एका तोंडाशी उभं राहिलं की दुसरं तोंड दिसलं पाहिजे. म्हणून वाढलेली झुडपं छाटायची, मध्ये आडोसा राहू द्यायचा नाही, आणि जमेल तिथे कुंपण आरपार दिसेल असं ठेवायचं. उंच भिंत बांधून घरमालकाला वाटतं आपण सुरक्षित झालो. खरं तर त्या भिंतीमुळे बोळात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, आणि वाईट हेतूनं येणाऱ्याला हेच हवं असतं. माणसांची ये-जा असलेली वाट आपोआप राखली जाते.

टेकड्यांमधल्या वाटेची गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही बाजूंना कुंपण असतं, कारण लोक वाटेल तिथून उतरले तर वाळू धरून ठेवणारी झाडं मरतात आणि वारा ती वाळू उडवत नेतो. उन्हाळ्यात सापांपासून सावध राहा अशा पाट्या लागतात. डुगाइट नावाचा विषारी साप या भागात असतो. हिवाळी वादळात लाटा वाळू कापून नेतात आणि शेवटची पायरी अधांतरी राहते. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत ती वाट अडवतात आणि तशी पाटी लावतात.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे एक हिरवी पाटी. पश्चिम ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावर उतरायच्या वाटांवर अशा पाट्या लावल्या आहेत आणि प्रत्येकीवर वेगळा संकेतांक असतो. शार्कच्या हल्ल्यांनंतर ही कल्पना पुढे आली, पण बुडणाऱ्यासाठी, छातीत कळ आलेल्यासाठीही ती तेवढीच कामाची. एरवी घाबरलेला माणूस फोनवर काय सांगणार? "इथे वाळू आहे, समोर पाणी आहे." आता तो ०००ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन करून संकेतांक वाचतो, आणि रुग्णवाहिका कोणत्या रस्त्यानं कोणत्या वाटेच्या तोंडाशी आणायची ते पलीकडच्याला लगेच कळतं. जीवरक्षक काही थोड्याच किनाऱ्यांवर आणि ठरल्या वेळेत असतात. बाकीच्या ठिकाणी ही पाटीच आधार.

ती पाटी बघताना मला दर वेळी नाशिक आठवतं. २७ ऑगस्ट २००३ला सिंहस्थात गोदावरीवरच्या (नाशिकात तिला गंगाच म्हणतात) रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. पाण्याकडे जाणारी वाट किती रुंद, कुठे अडवलेली, मदत कुठून आत येणार, हे प्रश्न आपल्या गावानं जीव देऊन शिकलेत. आता २०२६-२७चा सिंहस्थ आलाय. तयारीची चर्चा रामकुंडाची आणि मोठ्या घाटांची होते, ती व्हायलाच हवी. मला काळजी आहे ती कॉलन्यांमधून नदीवर उतरणाऱ्या लहान वाटांची. कुठे सोसायटीचं फाटक, कुठे बांधकामाचा राडारोडा. आपल्याला वाटतं, वाट बंद केली की कुणी बुडणार नाही. पण पोहायला जाणारी पोरं, धुणं घेऊन जाणाऱ्या बायका, गणपती विसर्जनाला निघालेलं कुटुंब थांबत नाही. ते भिंतीला वळसा घालून जिथे पायरी नाही, दिवा नाही, बघणारं कुणी नाही अशा जागी उतरतात. त्यातच गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, तर वर यायला सरळ वाट नसणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. सोमेश्वरपासून तपोवनापर्यंत गंगेवर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेला क्रमांक द्या. तोच क्रमांक ११२च्या यंत्रणेकडे, अग्निशमन दलाकडे आणि जीवरक्षकांकडे नकाशावर असू द्या. कॉलनीच्या बैठकीत फाटकाचा विषय निघाला तर आधी झुडपं छाटा, दिवा लावा, राडारोडा उचला, आणि महिनाभर बघा. पाटी मात्र घाटाच्या पायरीशी लावू नका. पुराचं पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागतं तेव्हा खालचं सगळं बुडालेलं असतं. ती वर, पूररेषेच्या बाहेर, बोळाच्या रस्त्याकडच्या तोंडाशी दिव्याच्या खांबावर उंच हवी.