मोटर गेली म्हणण्याआधी

घटस्थापनेच्या आधी मराठवाड्यात घरोघरी दसरा काढतात, म्हणजे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात, आणि वॉशिंग मशीन रुसायचा हंगामही तोच. वर्षभर शर्ट आणि साड्या धुणाऱ्या टबात एकदम वाकळा, चादरी, पडदे कोंबले जातात. मग तक्रार येते: पाणी भरलं, टायमर टिकटिक करतोय, पण कपडे जागचे हलत नाहीत. त्यावर शेजारपाजारचं निदान ठरलेलं, मोटर गेली. धुण्याच्या बाजूची मोटर इतक्या सहज जात नाही. तिच्या आधी कपॅसिटर (मोटरीला फिरायला जोर देणारा विजेचा छोटा डबा), बेल्ट, टायमर आणि पल्सेटर (तळातली फिरकी) यांची पाळी असते, आणि हे चारही भाग मोटरीपेक्षा स्वस्त आहेत.

इथे मुख्यतः दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिकबद्दल लिहितो आहे. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत तीच सोयीची. बादलीनं भरता येते आणि साबणाचं पाणी दुसऱ्या खेपेला वापरता येतं.

हात लावण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कित्येक घरांत बटण चुकून न्यूट्रलच्या वायरवर बसवलेलं असतं, म्हणजे बंद करूनही मशीनच्या आत फेज (झटका देणारी वीज) हजर. मोरीतल्या ओल्या फरशीवर ही जोखीम घेऊ नये.

आता टब रिकामा करून पल्सेटर हातानं फिरवा. थोडा जडपणा लागला, बेल्ट आणि मोटर ओढल्यासारखं वाटलं, तर यंत्राची साखळी शाबूत आहे. अगदी हलका, भिरभिर फिरला तर बेल्ट निसटला किंवा तुटला, नाहीतर पल्सेटरच्या आतले दाते झिजले. मागचं झाकण उघडा आणि एकानं पल्सेटर फिरवताना दुसऱ्यानं खालच्या मोठ्या पुलीकडे बघा. पुली फिरते पण बेल्ट जागेवर नाही, तर दोष बेल्टचा. पुली ढिम्म आणि वर पल्सेटर मोकळा फिरतोय, तर दाते गेले.

पल्सेटर हलतच नसेल तर तो काढावा लागतो. मधली टोपी उचला, खाली एकच स्क्रू असतो आणि तो नेहमीसारखा डावीकडे फिरवून सुटतो. खरी लढाई पुढची. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं शाफ्ट (पल्सेटर फिरवणारी दांडी) आणि पल्सेटर एकमेकांना चिकटलेले असतात. पेचकस घालून उचकटू नका, टबाचं प्लास्टिक तडकतं. मधल्या खळग्यात कढत पाण्यात विरघळवलेलं लिंबू सत्व ओतून अर्धा तास थांबा. नंतर मजबूत सुतळीचे दोन फास समोरासमोरच्या कडांखाली सरकवून दोन्ही हातांनी सरळ वर ओढा. खाली नाणी, ब्लाऊजचे हूक, हेअरपिना, लहान मोजे आणि काळ्या मातीचा गाळ सापडतो. शेतातले कपडे आधी वेगळ्या पाण्यात खंगाळले नाहीत, तर हा गाळ फार लवकर साचतो. पल्सेटर परत बसवताना शाफ्टवरचे वॉशर विसरू नका. ते नसले की पल्सेटर टबाला घासतो.

दाते झिजलेले असतील तर जुना पल्सेटर दुकानात घेऊन जा. व्यास आणि दात्यांची संख्या, दोन्ही जुळलं पाहिजे. कंपनीचं नाव सांगून आणलेला पल्सेटर बऱ्याचदा बसत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत शाफ्ट वेगळे असतात.

हाताची तपासणी झाली की कानाची. अर्धं पाणी भरा, कपडे घालू नका, प्लग लावा आणि वॉश टायमर फिरवा.

घूं असा आवाज येतो पण पल्सेटर हलत नाही, किंवा थरथरून थांबतो: पहिला संशय कपॅसिटरवर. ताबडतोब बंद करा. अडकून घुमणारी मोटर झपाट्यानं तापते, आणि ती तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळतं. खरोखर जळालेल्या मोटरींमागे पुष्कळदा आधी दुर्लक्षित राहिलेला कपॅसिटरच असतो.

धुण्याच्या मोटरीला साधारण 10 मायक्रोफॅरडच्या आसपासचा आणि ड्रायरच्या मोटरीला 5 च्या आसपासचा कपॅसिटर असतो. काही मशीनमध्ये दोन्ही एकाच डब्यात, 10+5 असे. पण अंदाजानं आणू नका, डब्यावर छापलेला आकडाच खरा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना क्षणभर लावून तो रिकामा करा. पेचकसानं ठिणगी पाडण्याचा प्रकार नको. मग वायरींचा मोबाईलवर फोटो काढा आणि निदान एका बाजूची वायर सोडवून कपॅसिटर मोजायची सोय असलेल्या मल्टीमीटरनं बघा. 10 लिहिलेला कपॅसिटर 9.5 दाखवत असेल तर ठीक. 8 दाखवत असेल तर बदला, वरून कितीही चांगला दिसो. फुगलेला किंवा तेलकट झालेला तर मोजायचीही गरज नाही. नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट 440 किंवा त्याहून जास्त. "जरा मोठा टाकू, जोर वाढेल" हा सल्ला ऐकू नका. जास्तीच्या करंटनं वाइंडिंग तापतं. जोड कपॅसिटरमध्ये 10 आणि 5 च्या वायरी उलट लागल्या तर धुण्याची बाजू मरगळते आणि ड्रायरची मोटर गरम होते.

कपॅसिटर चांगला निघाला तर मोटरीचा ओहम (वाइंडिंगचा विरोध) त्याच मल्टीमीटरनं बघायचा. धुण्याच्या मोटरीला तीन वायरी असतात: एक कॉमन, दोन वाइंडिंगच्या. ही मोटर दोन्ही दिशांना सारख्याच जोरानं फिरायची असल्यानं दोन्ही वाइंडिंग सारखी असतात. म्हणून कॉमनपासून दोन्हीकडे जवळजवळ एकच आकडा यायला हवा, आणि त्या दोन टोकांमध्ये त्याची दुप्पट. उदाहरणार्थ 20, 20 आणि 40. एकीकडे 20 आणि दुसरीकडे 12 आले तर वाइंडिंग आतून शॉर्ट आहे. कॉमनपासून दोन्हीकडे काहीच दाखवत नसेल पण त्या दोन टोकांमध्ये आकडा येत असेल, तर उष्णतेनं तुटणारा आतला थर्मल सुटलेला आहे. मोटर गरम असेल तर पाऊण-एक तास थंड होऊ द्या, काही थर्मल आपोआप जोडले जातात.

आवाजच नाही आणि ड्रायर मात्र नीट चालतो, तर प्लग आणि मुख्य वायर ठीक आहेत. टायमर, मोटरीची वायर किंवा तोच थर्मल, एवढ्यातच शोधायचं. मशीन खालून उघडी असल्यानं उंदीर आत शिरतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून मीटर काढण्याआधी टॉर्चनं आत नजर टाका. कुरतडलेली वायर नुसती पीळ देऊन टेप गुंडाळू नका. तिथे पाण्याची वाफ असते. जोड डाखून (सोल्डर करून) त्यावर स्लीव्ह चढवा आणि तळाला बारीक जाळी बांधा.

एकाच दिशेला फिरते, मग तेवढाच वेळ गप्प, पुन्हा त्याच दिशेला: हा टायमरचा दोष. कपॅसिटर दोन्ही वाइंडिंगच्या मध्ये कायम जोडलेला असतो, आणि टायमरमधले कॉन्टॅक्ट वीज आळीपाळीनं एकेका वाइंडिंगला देऊन दिशा बदलतात. त्यातला एक जळाला की ती दिशा गेली. अशा वेळी मोटर बदलायला सांगणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवावं. नवा टायमर घेताना वायरींची संख्या आणि दांडीचा आकार जुळवा.

मोटरीचा आवाज व्यवस्थित येतो, रिकामी असताना पल्सेटर फिरतो आणि कपडे टाकले की थांबतो. इथे तीन कारणं एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिलं बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटीमीटर दबावा. त्याहून सैल असेल, कडा चकाकत असतील किंवा खाली काळी भुकटी पडली असेल तर तो घसरतोय. मोटरीचे बोल्ट लांबट भोकांत असतात. ते सैल करून मोटर मागे ओढा आणि पुन्हा आवळा. बेल्ट बदलायचा असेल तर त्यावरचा नंबर जसाच्या तसा उतरवून घ्या. बदलण्याआधी शाफ्टच्या खाली बघा. तिथून पांढऱ्या क्षाराचे ओघळ आलेले असतील तर वरचं सील गळतंय. ते पाणी बेल्टवर पडून तो घसरतो आणि बेअरिंगलाही गंज चढतो. सील न बदलता नवा बेल्ट टाकला तर काही दिवसांत तक्रार पुन्हा तीच.

दुसरं व्होल्टेज. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर जोर सुमारे 61 टक्के, 160 ला निम्म्याखाली. गावात शेतीपंप चालू असताना मशीन अडत असेल आणि रात्री उशिरा नीट चालत असेल, तर मशीन खोलू नका. मोटर चालू असताना सॉकेटवर व्होल्ट मोजा.

तिसरं, कपडे जास्त आणि पाणी कमी. 7 किलोची मशीन म्हणजे 7 किलो कोरडे कपडे. जुन्या लुगड्यांची वाकळ पाणी प्यायली की दोघांनाही उचलत नाही, ती पल्सेटरनं फिरवावी ही अपेक्षाच चूक. ती हातानं धुवा आणि पिळलीच तर दोघांनी. टँकरचं पाणी वाचवायला पातळी खालच्या रेषेखाली ठेवली तर कपडे तरंगत नाहीत, सगळा भार पल्सेटरवर बसतो. पाणी वाचवायचंच तर कपडे कमी टाकून तेच पाणी तीन खेपांना वापरा, फिकट कपडे आधी आणि मातीचे शेवटी.

फुली ऑटोमॅटिक टॉप लोडबद्दल थोडक्यात. ती ठरलेली पातळी गाठल्याशिवाय फिरतच नाही. छतावरची टाकी नळापासून 3 मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो, त्यात पाणी येण्याच्या तोंडाची बारीक जाळी क्षारानं बुजलेली. बादलीनं वरून पाणी ओतून झाकण लावा. फिरायला लागली तर मोटर आणि बोर्ड दोन्ही ठीक, जाळी काढून लिंबू सत्वात बुडवा. पाणी भरूनही सुरू होत नसेल तर झाकणाचा स्विच आणि पातळी मोजणारी बारीक हवेची नळी बघा. पल्सेटरबरोबर सगळा ड्रमच फिरत असेल तर क्लच पिळण्याच्या स्थितीत अडकलाय. हे काम मेकॅनिकचं.

दुरुस्तीनंतर वायरी बेल्टपासून दूर बांधा, मागचं झाकण लावा आणि अर्ध्या पाण्यावर, कपड्यांशिवाय, 15 मिनिटांचा एक टायमर पूर्ण चालवा. दोन्ही दिशांना सारखाच वेळ फिरतेय ना, आणि खाली अंथरलेला कागद कोरडा आहे ना, एवढं बघून मग कपडे टाका.