बारा हप्ते छापून गेले आणि पुस्तकाचा हक्कही गेला

लेखमाला आधी मासिकात आणि मग पुस्तकरूपात, हा क्रम आपल्याला इतका सवयीचा आहे की त्यात लेखकाचा कॉपीराइट बुडू शकतो हे पटत नाही. अमेरिकेत तो बुडाला होता. खटल्याचं नाव ‘होम्स विरुद्ध हर्स्ट’, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 24 एप्रिल 1899 चा.

अमेरिकी लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांची ‘द ऑटोक्रॅट ऑफ द ब्रेकफास्ट टेबल’ ही लेखमाला 1857-58 मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या मासिकाच्या बारा अंकांतून आली. त्या अंकांचा कॉपीराइट ना प्रकाशकाने घेतला, ना लेखकाने. सगळे हप्ते संपल्यावर, 2 नोव्हेंबर 1858 रोजी, होम्स यांनी पुस्तकाचं शीर्षक मॅसॅच्युसेट्सच्या जिल्हा न्यायालयात दाखल केलं आणि त्याच महिन्यात पुस्तक बाजारात आलं.

घोळ झाला तो इथेच. अमेरिकेच्या 1831 च्या कॉपीराइट कायद्यात आधी काय आणि नंतर काय, याला फार महत्त्व होतं. प्रकाशनापूर्वी शीर्षकाची छापील प्रत न्यायालयाच्या कारकुनाकडे द्यायची. प्रकाशनानंतर तीन महिन्यांत पुस्तकाची प्रत जमा करायची. शीर्षकपानावर किंवा लगेच पुढच्या पानावर नोंदणीचं वर्ष, हक्कदाराचं नाव आणि न्यायालय सांगणारी ओळ छापायची, आणि तीही प्रत्येक आवृत्तीत. एवढं केलं की 28 वर्षांचा हक्क, पुढे नूतनीकरणाची 14 वर्षं. होम्स यांनी 1886 मध्ये नूतनीकरणही वेळेवर केलं होतं.

पुढे खटल्यातले प्रतिवादी हर्स्ट यांनी मासिकातल्या मजकुरावरून छापलेल्या प्रती विकल्या. होम्स तोवर वारले होते. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून त्यांच्याच नावाचे चिरंजीव दावा लढले. हेच पुढे 1902 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. त्यांचं म्हणणं असं, की हप्ता म्हणजे पुस्तक नव्हे, त्यामुळे पुस्तकाचं ‘प्रकाशन’ नोव्हेंबर 1858 मध्येच झालं.

सर्वोच्च न्यायालयाचे न्या. ब्राउन यांनी ते मानलं नाही. कायदा बांधणीला संरक्षण देत नाही, लेखकाच्या बौद्धिक निर्मितीला देतो. बाराही भाग संरक्षणाविना लोकांच्या हाती गेले असतील, तर ते एकत्र बांधून गेलेला हक्क परत येत नाही. प्रत्येक हप्त्याची वेगळी नोंदणी किती जाचक आहे, हे न्यायालयाने निकालात मान्य केलं. मात्र त्यावर उपाय कायदा बदलण्याचा, असं म्हटलं. मला हा निकाल तर्काला पक्का, पण लेखकासाठी फार क्रूर वाटतो. त्यातही नूतनीकरणाची मुदत 1900 मध्ये संपणारच होती, म्हणजे निकालाच्या वेळी जेमतेम दीड वर्षच उरलं होतं.

मग मासिकाच्या प्रकाशकानेच अंकाची नोंद केली तर? तो प्रश्न 1903 मध्ये ‘मिफ्लिन विरुद्ध व्हाइट’मध्ये आला. होम्स यांच्याच पुढच्या लेखमालेचे पहिले दहा भाग नोंदणीविना छापले गेले होते. शेवटच्या दोन भागांच्या वेळी नव्या प्रकाशकाने अंकाची नोंद स्वतःच्या नावावर केली. तीही लेखकाच्या कामी आली नाही. छापलेल्या हक्काच्या ओळीत नाव प्रकाशकाचं आणि शीर्षक मासिकाचं. ती वाचणाऱ्याला आतल्या लेखमालेचा हक्क होम्स यांचा आहे, हे कळणार कसं? 1909 च्या कायद्याने नियतकालिकाच्या नोंदणीत आतल्या सर्व भागांना संरक्षण दिलं.

आपल्या 1957 च्या कायद्यात हक्कासाठी नोंदणी लागत नाही, हा मोठा दिलासा. पगारी नोकर म्हणून मासिकासाठी लिहिलं आणि वेगळा करार नसला, तर कलम 17 नुसार नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा; बाकीचा, म्हणजे पुस्तकाचाही, लेखकाचा. दिवाळी अंकाला बाहेरून लेख देणाऱ्याचा हक्क तर लेखी, सही केलेल्या कागदाशिवाय हस्तांतरित होतच नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून मानधनाच्या पावतीवर सही करण्याआधी ‘सर्व हक्क’ हे दोन शब्द त्यात आहेत का, तेवढं बघा. असले तर खोडून ‘या अंकात एकदा छापण्यापुरते’ असं लिहा आणि संपादकांची त्यावर सही घ्या.