अण्णांची सकाळची गोळी

मागच्या जूनमध्ये अण्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. कुठं पडले नाहीत, डोक्याला मार नाही, बीपी वाढलं आणि आतली नस फुटली. जिवावरचं टळलं पण घरी आणलं तेव्हा डोळे उघडे आणि माणूस आत नाहीच. फिजिओचा मुलगा विश्रामबागेतनं रोज यायचा, हात-पाय हलवायला लागला की पाचव्या मिनिटाला अण्णा झोपलेले, आई म्हणायची अहो डोळे उघडा की, तो पोरगा बघा की कवाचा आलाय.

मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आधी गोळ्यांची पिशवीच टेबलावर ओतायला लावली. रात्री ओरडतात म्हणून पहिल्या दवाखान्यात झोपेची गोळी दिलेली, ती घरी पण तशीच चालू, बंद करा असं कुणी सांगितलंच नव्हतं! माणूस जागाच राहिला नाही तर व्यायामातनं शिकणार काय? ती एकदम न तोडता हळूहळू कमी केली.

मग अमँटाडीन. मूळचं फ्लूचं औषध, पार्किन्सनलाही देतात, मेंदूत डोपामीनचं, म्हणजे माणसाला जागं-सावध ठेवायला मदत करणाऱ्या रसायनाचं, काम वाढवतं. 2012 साली 184 पेशंटवर अभ्यास झाला, त्यात चार आठवडे गोळी घेणारे जास्त वेगानं सुधारले आणि बंद केल्यावर तो वेग मंदावला. पण ते सगळे डोक्याला मार लागलेले, अण्णांसारख्या केसमध्ये एवढा पक्का पुरावा नाही, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, चार आठवडे बघू, फरक नाही पडला तर बंद. मला त्यांचं हे फार पटलं. आधी किडनीची तपासणी केली, कधी फिट आलीय का विचारलं, त्यामुळं नाव वाचून कुणी मेडिकलमधनं आणू नका प्लीज. गोळी सकाळी आणि दुपारी, उशिरा दिली तर रात्रभर जागरण. फिजिओची वेळ पण सकाळी घेतली आणि किती मिनिटं जागे राहिले ते मी रोज कॅलेंडरवर लिहायचे. सात, नऊ, सहा, चौदा.

अण्णांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची अडत केली. अकराव्या दिवशी फिजिओच्या मुलानं ओळखीचं काहीतरी हातात द्या म्हटल्यावर मी डब्यातलं हळकुंड दिलं. बराच वेळ नुसतंच धरून बसले, मग अंगठ्याच्या नखानं कोचलं, मोडायला बघितलं पण डाव्या हातात जोर कुठाय, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "ओलं हाय."

दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य. आणि खरंच, पावसानं डबा सादळलेला होता.

सगळं गोळीनं झालं असं मी म्हणणार नाही, मेंदू आपला आपण पण सावरत असतो, पण व्यायामाला माणूस जागा मिळाला तो त्या आठवड्यांत. आता डावा हात आखडलाय. स्नायू सैल करायच्या बॅक्लोफेन गोळीनं परत पेंग यायला लागली म्हणून बोटॉक्सचं इंजेक्शन ठरलंय, ते आखडलेल्या स्नायूतच देतात. गुरुवारी मिरजेला जायचंय. अण्णांनी सकाळीच विचारलं, येताना यार्डावरनं येऊया का.