आमच्या गावात आपत्ती 'निरंक'? जुन्या नोंदी मिळवतानाचा माझा अनुभव

ग्रामपंचायतीचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा वाचायला घेतला, तर 'गावातील पूर्वीच्या आपत्ती' या रकान्यात एकच शब्द होता: निरंक. गाव लातूर जिल्ह्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्याकडचीही माळवदं खाली आली. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात जमिनी खरडून गेल्या. एवढं सोसलेल्या गावाच्या कागदावर निरंक लिहिलेलं मला सहन झालं नाही. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि हा रकाना मी भरून देते, असं सांगितलं.

माणसांकडून माहिती मिळायला काहीच अडचण आली नाही. बाहत्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की म्हातारी माणसं मिलो ज्वारीची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणं, पाझर तलावाची माती उपसणं असं तासन्‌तास सांगतात. फक्त साल विचारू नका. 'तेव्हा सरपंच कोण होतं? थोरलीचं लग्न झालं होतं का?' असं विचारलं की साल आपोआप निघतं. आणि बायकांशी वेगळं बसून बोला. कोणत्या विहिरीचा झरा शेवटपर्यंत टिकला, हे पुरुषांना नीट सांगता येत नाही. घागरी ज्यांनी वाहिल्या त्यांना येतं. आराखड्यात याहून उपयोगाची दुसरी ओळ नसेल.

घोडं अडलं ते पैसेवारीपाशी, म्हणजे गावात पीक रुपयात किती पैसे आलं हे सांगणाऱ्या सरकारी आकड्यापाशी. आठवणींना कागदाचा आधार हवा होता. कोणत्या खरिपात गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली, हे कळलं की दुष्काळाची सालं पक्की होतात. तलाठ्यांकडे अलीकडची पत्रकं होती, ती त्यांनी लगेच दाखवली. जुन्यांसाठी अभिलेख कक्षात जा म्हणाले.

तिथल्या बाबूंचा पहिला प्रश्न, "कशाला पाहिजे?" आराखड्यासाठी म्हटल्यावर, "आराखडा झालाय की तुमचा." मग कळलं की आमचा लातूर जिल्हाच ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला, तेव्हा त्याआधीचं सगळं 'तिकडे'. तिकडे गेले, तर तिथले म्हणाले, "ताई, जिल्हा वेगळा झाला तेव्हाच तुमचे बस्ते, कागदांचे बांधलेले गठ्ठे, तुमच्याकडे दिले." परत आले. "आमच्याकडे आलेच नाहीत." दोन्हीकडची माणसं तोंडी बोलत होती. कागदावर लिहून द्यायला एकही तयार नव्हता. साहेब मीटिंगला, साहेब निवडणुकीच्या कामात, चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. पैसेवारी ही काही कुणाची खाजगी बाब नव्हे. सरकारने स्वतः ठरवलेला, त्या काळी जाहीर केलेला आकडा आहे तो. तो बघायला गावातल्या माणसाने हात जोडत का फिरायचं? त्या बाकावर बसून माझा संताप व्हायचा, आणि आज लिहितानाही होतोय.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, आणि हे तुम्ही पहिल्याच दिवशी करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून 'गावाच्या आपत्तींचा इतिहास द्या' असं मोघम लिहू नका. 'अमुक सालापासून अमुक सालापर्यंतची खरीप हंगामाची अंतिम पैसेवारी पत्रके' असं कागदाचं नाव घेऊन मागा. सोबत अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही. 'कशाला पाहिजे' याचं उत्तर द्यायला कायद्याने आपण बांधील नाही. आणि माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे, आपण हेलपाटे घालायचे नाहीत. हे कलम अर्जातच लिहिलं होतं, त्यामुळे 'तिकडे जा' बंद झालं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीच्या आधीच फोन आला की बस्ते सापडले, येऊन बघा. आमच्याच तालुक्याच्या कक्षात होते! धुळीने माखलेले, पण पत्रकं शाबूत. बाहत्तरच्या ओळीत गावाचं नाव दिसलं आणि माझे डोळे भरून आले. आज्जी जे सांगायची ते सरकारी शाईत लिहिलेलं होतं.

कागद नष्ट केलेत असं सांगितलं, तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मागा. यादी नसेल तर शोध घ्यावाच लागतो.

पावसाच्या आकड्यांचं वेगळंच दुखणं. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, पण पर्जन्यमापक गावात नसतो, महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो. शिवारात ढग फुटला आणि मंडळाच्या गावी नुसता शिडकावा झाला, तर नोंदीत शिडकावाच राहतो. म्हणून तारीख आणि ओढ्याचं पाणी कुठल्या खांबापर्यंत आलं ते आम्ही आता स्वतः लिहितो. हवामान खात्याची १९०१ पासूनची जाळीनिहाय पर्जन्यमानाची माहिती पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिचा एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा, म्हणजे गावापुरती नाही, पण साल ताडून पाहायला चालते.

मघाशी सांगायचं राहिलं: जिल्हा परिषदेच्या शाळेचं जुनं लॉगबुक बघा. गारपिटीने पत्रे फुटले, पुरामुळे शाळा बंद राहिली, असं तारखेसह त्यात सापडतं. आमच्या मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दिलं, त्यांचे फार उपकार.

नवा रकाना ग्रामसभेच्या ठरावाने आराखड्याला जोडला आणि त्याची प्रत तहसीलला देऊन पोच घेतली. निजामाच्या काळातले काही कागद उर्दूत आणि मोडीत आहेत, ते अजून वाचायचे आहेत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी शेजारच्या गावात आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे बसायचं ठरलंय.