गोल्ड अवॉर्डचे 80 तास

अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेत नववी ते बारावीच्या मुलींसाठी गोल्ड अवॉर्ड असतो; त्यासाठी मुलीने समाजातल्या एखाद्या प्रश्नावर स्वतः उपक्रम करायचा असतो. अशा उपक्रमांत मी मुलींची मार्गदर्शक, म्हणजे प्रोजेक्ट अ‍ॅडव्हायजर असते. हे काम मुलीच्या आईबाबांना करता येत नाही, म्हणून ओळखीतली एखादी 'काकू' शोधली जाते. उपक्रमाला किमान 80 तास द्यावेत अशी अपेक्षा असते. तास मोजतात फक्त मुलीचे, मदतीला आलेल्या मैत्रिणींचे नाहीत.

पहिल्या भेटीत कल्पना बहुधा ठरलेली असते: कपडे, पुस्तकं किंवा डबाबंद अन्न गोळा करायचं. ती तिथेच थांबवावी लागते. वस्तू वाटून झाल्या की उपक्रमही संपतो. अवॉर्ड मंजूर करणाऱ्या गर्ल स्काउट्सच्या स्थानिक कौन्सिलला मात्र प्रश्नाचं मूळ काय, परिणाम कसा मोजणार आणि तू कॉलेजला गेल्यावर हे कोण चालवणार, याची उत्तरं हवी असतात. मी मुलीला तिचा प्रश्न एका वाक्यात लिहायला लावते आणि त्यावर 'का?' विचारत राहते.

आपल्याच लोकांमधलं उदाहरण घ्या. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा दिवसभर घरी एकटे असतात आणि अडचण आली तरी 911 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावत नाहीत. का? नंबर तर बहुतेकांना ठाऊक असतो. पण इंग्रजी बोलायची धास्ती असते, घराचा पत्ता पाठ नसतो, मुलाच्या मोबाइलचं लॉक उघडत नाही, वर अ‍ॅम्ब्युलन्सच्या बिलाची काळजी. ही कारणं आठ-दहा आजी-आजोबांशी बोलल्यावरच कळतात. तेवढं बोलणं झालं की '911 लक्षात ठेवा' असं पोस्टर छापायचा बेत आपोआप गळून पडतो. त्याऐवजी फ्रिजवर लावायचं कार्ड सुचतं: पत्ता मराठी आणि इंग्रजीत, औषधं, अ‍ॅलर्जी, मुलाचा नंबर. लॉक न उघडता इमर्जन्सी कॉल कसा लावायचा आणि दुभाषा मिळावा म्हणून सुरुवातीलाच 'मराठी' असं भाषेचं नाव कसं सांगायचं, याचा सरावही हवा. सराव मुलीने आणि आजी किंवा आजोबांनी समोरासमोर बसून, बंद फोन कानाला लावून करायचा. खरा 911 सरावासाठी कधीही लावायचा नाही.

मोजमाप इथे सोपं होतं. सरावाच्या सत्राआधी आणि सत्रानंतर तेच पाच प्रश्न विचारायचे: पत्ता न बघता सांगता येतो का, कार्ड कुठे आहे, वगैरे. 'सगळ्यांना खूप आवडलं' हे मोजमाप नव्हे.

तासांची माझी ढोबळ वाटणी अशी: चौकशी आणि आराखडा 20, साहित्य तयार करणं 15, सत्रं 30, उरलेले 15 उपक्रम पुढे चालवणाऱ्याकडे सुपूर्द करणं आणि अहवालाला. अडतं ते बहुधा परवानग्यांपाशी. ग्रंथालयाची खोली किंवा शाळेची मंजुरी मिळायला तीन-चार आठवडे सहज जातात, म्हणून ते पत्र सगळ्यात आधी पाठवायचं. प्रस्ताव मंजूर होण्याआधी प्रत्यक्ष काम सुरू केलं तर ते तास धरले जात नाहीत, आणि उत्साही मुली नेमक्या इथेच चुकतात. पैशांचा नियमही आधीच समजावते: दुसऱ्या संस्थेला देणगी देण्यासाठी गर्ल स्काउट म्हणून निधी गोळा करता येत नाही.

आयांबद्दल थोडं. स्लाइड्स आईने केल्या की ते लगेच ओळखू येतं, कारण मुलीला त्यातला शब्द विचारला की ती आईकडे बघते. त्यामुळे गावातल्या मराठी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना फोन मुलीनेच करायचा, मराठी अडखळत का होईना. मी शेजारी बसते, पण बोलत नाही. फार शांतता झाली तर पाण्याचा ग्लास पुढे करते.

पुढे कोण चालवणार, याला 'मंडळ चालवेल' हे उत्तर चालत नाही. नाव असलेली व्यक्ती आणि तिच्या सहीचं पत्र लागतं. सोबत कार्डाची मूळ फाइल, सत्राची मिनिटवार टिपणं आणि सामानाची यादी द्यायची. ती टिपणं मी उपक्रमात नसलेल्या एखाद्या बाईला वाचायला देते. तिला त्यावरून सत्र घेता आलं नाही, तर टिपणं पुन्हा लिहायची.

सुरुवात दहावीत केलेली बरी. बारावीच्या सप्टेंबरपासून कॉलेजचे अर्ज सुरू होतात, आणि मग अंतिम अहवाल महिनोन्‌महिने ड्राफ्टमध्येच पडून राहतो.